मध्ययुगीन लॅटिन आणि त्यातलं इतिहासलेखन शिकायचंय? कुठून सुरू करायचं, काय वाचायचं, कुठे अर्ज करायचा

युरोपच्या मध्ययुगावर एमए करायचा विचार करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की सगळं तर इंग्लिश भाषांतरात मिळतं, मग लॅटिनच्या मागे कशाला लागायचं. प्रश्न चुकीचा नाहीये, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आइनहार्ट नावाचा माणूस शार्लमेन राजाच्या दरबारात होता आणि ८१४ मध्ये राजा गेल्यानंतर त्याने राजाचं चरित्र लिहिलं. त्यात राजाचं वर्णन येतं, मान जाड आणि जरा आखूड, पोट थोडं पुढे आलेलं वगैरे. भाषांतरात वाचलं तर वाटतं वा, डोळ्यांनी बघितलेलं लिहिलंय. लॅटिन येत असेल तर कळतं की जाड मान आणि पुढे आलेलं पोट हे शब्द रोमन चरित्रकार सुएटोनियसने नीरो बादशहाबद्दल वापरलेत, आणि बाकीच्या वर्णनातही ठिकठिकाणी त्याच पुस्तकातले इतर बादशहांचे तुकडे आहेत. म्हणजे आइनहार्ट खोटं बोलतोय का? तसं नाही. राजाबद्दल कसं लिहायचं याचा नमुना त्याच्यासमोर तो होता आणि त्यातून कुठले शब्द उचलायचे ते त्याने निवडलं. ही निवड भाषांतरात दिसत नाही. मध्ययुगातला इतिहासकार काय म्हणतो हे भाषांतर सांगेल पण तो ते कोणाच्या आवाजात म्हणतो, बायबलच्या, रोमन कवी व्हर्जिलच्या की सुएटोनियसच्या, हे फक्त मूळ भाषेत ऐकू येतं आणि माझ्या मते या विषयाचं निम्मं काम तिथेच आहे. पटत असेल तर पुढे वाचा, नसेल पटत तर भाषांतरांवरही मध्ययुगाचा चांगला अभ्यास होतो, त्यात कमीपणा नाही, फक्त तो वेगळा कोर्स आहे.

लॅटिन आजच सुरू करा, अॅडमिशनची वाट बघू नका

एमएला गेल्यावर शिकू असं म्हणू नका. ब्रिटनमधला एमए एक वर्षाचा असतो, त्यात बिगिनर्स लॅटिनचा क्लास मिळतो (यॉर्क, लीड्ससारख्या ठिकाणी तो व्यवस्थित चालतो) पण वर्षभरात शून्यापासून थेट बारावं शतक वाचायला लागणं फार दमवणारं आहे. जायच्या आधी निदान एक वर्ष हातात ठेवा आणि रोज तास-दीड तास द्या. रोज म्हणजे रोज, कारण रविवारी एकदम सहा तास बसून विभक्त्या डोक्यात राहत नाहीत.

पुस्तकं दोन प्रकारची आहेत. एक व्हीलॉकचं, नियम आधी आणि वाक्यं नंतर, आपल्या शाळेच्या व्याकरणाच्या पद्धतीचं. दुसरं अर्बर्गचं, ते पूर्ण लॅटिनमध्येच आहे, पहिल्या पानापासून गोष्ट वाचत वाचत भाषा शिकायची. मी म्हणेन दोन्ही घ्या, सकाळी व्हीलॉकचा धडा आणि रात्री अर्बर्गची गोष्ट. नुसत्या नियमांवर वाचनाचा वेग येत नाही आणि नुसत्या गोष्टींवर परीक्षेतलं वाक्य सुटत नाही. चर्चच्या लॅटिनपासूनच सुरुवात करायची असेल तर कॉलिन्सचं प्रायमर आहे, ते बायबल आणि प्रार्थनांच्या भाषेवर उभं आहे, आणि मध्ययुगच वाचायचं पक्कं असेल तर तेही चालतं.

ज्यांनी दहावीला संस्कृत घेतलं होतं त्यांनी ती जुनी वही काढा, खरंच काढा. लॅटिनमध्ये विभक्त्या सहा, द्विवचन नाही, म्हणजे कोष्टकं आपल्यापेक्षा लहान. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन ओळखीचं वाटेल. नवशिके अडतात ते अॅब्लेटिव्हवर, कारण ती एकटी विभक्ती आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी असं तिघींचं काम करते, त्यामुळे ती दिसली की ‘ने’, ‘हून’ आणि ‘त’ तिन्ही लावून बघायचं, एक बसतं. आणि अॅब्लेटिव्ह अॅब्सोल्यूट नावाची जी रचना इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना महिनाभर छळते ती म्हणजे आपली सति सप्तमी. ‘रामे वनं गते’ आठवतंय ना, तेच, फक्त सप्तमीच्या जागी अॅब्लेटिव्ह. मध्ययुगीन इतिहासकारांना ही रचना भयंकर प्रिय आहे, ‘क्वो आउदितो’ म्हणजे ‘हे ऐकल्यावर’ हे तर पानोपानी येतं, कोणीतरी काहीतरी ऐकतो आणि सैन्य घेऊन निघतो.

मग मध्ययुगाकडे वळा

व्याकरणाचं पुस्तक संपत आलं की घाबरवणारी गोष्ट म्हणजे मध्ययुगीन स्पेलिंग. पुस्तकात एई लिहिलेलं असतं तिथे इथे नुसतं ई, टीच्या जागी सी, एचच्या जागी सीएच, आणि एकाच पानावर एकच शब्द दोन प्रकारे. याला फार तर दोन आठवडे लागतात, मग डोळे सरावतात. वाक्यरचना उलट आपल्याला सोपी जाते. जुन्या लॅटिनमध्ये ‘तो म्हणाला की’ यातल्या ‘की’ला शब्दच नाही, कर्ता द्वितीयेत आणि क्रियापद इन्फिनिटिव्हमध्ये (‘करणे’, ‘जाणे’ अशा मूळ रूपात) अशी कसरत असते. मध्ययुगात बरेच लोक तिथे सरळ ‘क्वोद’ लिहून मोकळे होतात, म्हणजे आपला ‘की’.

पहिलं वाचन बायबलच असू द्या, श्रद्धा असो नसो. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने केलेलं व्हल्गेट भाषांतर हे या हजार वर्षांतल्या प्रत्येक लेखकाच्या कानात बसलेलं आहे, मठातले लोक तर स्तोत्रं आठवड्याच्या आठवड्याला पूर्ण म्हणायचे. उत्पत्तीचा पहिला अध्याय, मग सॅम्युएलची आणि राजांची पुस्तकं (इतिहासकारांनी राजाबद्दल लिहायला तिथून भरपूर घेतलंय), मग मार्कचं शुभवर्तमान आणि वीसेक स्तोत्रं. इतकं झालं की नंतरच्या कुठल्याही मजकुरात अचानक ओळखीची ओळ डोकावते आणि तिथे पेन्सिलने खूण करायची सवय लावून घ्या, पुढे निबंध त्याच खुणांतून निघतात.

त्यानंतर साधं गद्य. पहिल्या क्रूसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची अनामिक हकीकत ‘गेस्टा फ्रँकोरुम’ हे नवशिक्यांसाठी उत्तम, वाक्यं छोटी, शब्द तेच तेच, आणि गोष्ट पळती. याकोबुस दे वोराजिनेची संतचरित्रंही सोपी आहेत. मग बीड, आठव्या शतकातला इंग्लंडमधला मठवासी, त्याचं लॅटिन इतकं स्वच्छ आहे की वाचताना आपली प्रगती झालीये असं वाटायला लागतं. अल्डहेल्म आणि साक्सो ग्रामाटिकुस पहिल्या वर्षी उघडू नका, त्यांना अवघड लिहायलाच आवडायचं. तूरचा ग्रेगरी सहाव्या शतकातला, फार रसाळ आहे पण व्याकरण त्याच्या स्वतःच्या मनाचं, म्हणून तो थोडा नंतर. वेच्यांचं पुस्तक हवं असेल तर सिडवेलचं घ्या, त्यात टिपा चांगल्या आहेत.

कविता सोडू नका. इतिहासवाले विद्यार्थी कविता टाळतात आणि नुकसान करून घेतात. जुनी लॅटिन कविता लघु-गुरूवर चालते, आपल्या अक्षरगणवृत्तांसारखी, पण मध्ययुगात तिच्या शेजारी अक्षरं मोजून आणि यमक जुळवून केलेली गाणी आली, ती मोठ्याने म्हणून बघा, अभंग म्हणणाऱ्याच्या जिभेवर लगेच बसतात. ‘कार्मिना बुराना’ची हस्तलिखित वही साधारण १२३० ची, बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्न मठात १८०३ मध्ये सापडली आणि आता म्युनिकच्या ग्रंथालयात आहे. त्यात दारू, प्रेम, जुगार, चर्चवर टीका, सगळं आहे. आणि दहाव्या शतकातली ह्रोत्स्विता, गांडर्सहाइम मठातली बाई, तिने रोमन नाटककार टेरेन्सच्या धर्तीवर लॅटिन नाटकं लिहिली. मध्ययुगात बायका लिहीत नव्हत्या असं कोणी म्हणालं तर तिचं नाव सांगा.

इतिहासलेखन कसं वाचायचं

इथे जरा थांबते कारण बहुतेक नवीन मुलं इथेच घाई करतात, मजकूर उघडला की त्यातून घटना आणि तारखा उपसायला बसतात, बाकीचं टाकून देतात. मध्ययुगीन लेखक काय लिहायला बसलाय हे आधी बघा. अॅनल्स म्हणजे वर्षाच्या पुढे एकदोन ओळी, कडाक्याची थंडी पडली, अमुक बिशप वारला. क्रॉनिकल म्हणजे कालक्रमाने भरत नेलेली नोंद, बऱ्याचदा जगाच्या उत्पत्तीपासून. ‘हिस्टोरिया’ म्हणजे रचलेली, भाषणं घातलेली, शैलीदार कथा. ‘गेस्टा’ म्हणजे राजांची किंवा बिशपांची कृत्यं, ‘वीटा’ म्हणजे चरित्र, बहुतेकदा संताचं. हे खाने लेखक स्वतः मोडतात हेही खरं, पण बाराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या गर्व्हासने इतिहासकार आणि क्रॉनिकलकार यांच्यातला फरक स्वतःच लिहून ठेवलाय, म्हणजे तो फरक त्यांच्याही डोक्यात होता.

प्रस्तावना कधीही गाळू नका. ‘मी अडाणी, माझी भाषा ओबडधोबड, मित्रांनी आग्रह केला म्हणून लिहितो’ हे जवळजवळ सगळेच म्हणतात, ती रीत आहे, पण त्याच प्रस्तावनेत लेखक आपली साधनं सांगतो. बीडचं बघा, जॅरोच्या मठात बसून ७३१ मध्ये त्याने इंग्लिश लोकांचा धार्मिक इतिहास पूर्ण केला आणि सुरुवातीलाच माहिती कोणी दिली त्यांची नावं दिली, त्यात नॉथेल्म नावाचा लंडनचा एक पाद्री आहे ज्याने रोमला जाऊन पोपच्या दफ्तरातली पत्रं उतरवून आणली. याच्या बरोबर उलट मनमथचा जेफ्री, ११३० च्या दशकात ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहितो, आर्थर राजा तिथूनच युरोपभर गेला, आणि आधार काय तर म्हणे एक अतिप्राचीन पुस्तक ऑक्सफर्डच्या आर्चडीकनने (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने) दिलं. त्याच शतकात न्यूबर्गच्या विल्यमने त्याला सरळ खोटारडा म्हटलंय. तरीही जेफ्रीच्या दोनशेहून जास्त हस्तलिखित प्रती आज शिल्लक आहेत, म्हणजे लोकांना तो हवा होता, आणि का हवा होता हा प्रश्न आर्थर खरंच होता का यापेक्षा मला तरी जास्त मोठा वाटतो.

सरावासाठी सगळ्यात चांगला व्यायाम सांगते. ‘गेस्टा फ्रँकोरुम’ची भाषा उत्तर फ्रान्समधल्या तीन बेनेडिक्टाइन लेखकांना गावंढळ वाटली आणि बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिबेर, बाल्डरिक आणि रॉबर्ट या तिघांनी तीच हकीकत आपापल्या परीने पुन्हा लिहिली. एकच प्रसंग घ्या, उदाहरणार्थ अँटिऑकचा वेढा किंवा १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं तो दिवस, चारही मजकूर शेजारी ठेवा आणि कोणी काय वाढवलं, कुठे बायबल घातलं, कोणाच्या तोंडी भाषण दिलं ते वहीत लिहून काढा. चार पानं वाचून होतील पण इतिहास कसा घडवला जातो हे डोळ्यांसमोर दिसतं, आणि सेमिनारमध्ये बोलायला काहीतरी ठोस हातात राहतं.

हत्यारं

डिक्शनरी एक पुरत नाही. लुइस अँड शॉर्ट ही १८७९ ची, जुन्या लॅटिनसाठी. मध्ययुगासाठी नीरमायर, आणि ब्रिटनमधल्या मजकुरांसाठी ब्रिटिश स्रोतांवरची मोठी डिक्शनरी जी २०१३ मध्ये पूर्ण झाली. द्यु कांजचा कोश १६७८ चा आहे, अर्थही लॅटिनमध्येच दिलेत, तरी अजून लागतो. शिकागो विद्यापीठाच्या लोगेऑन साइटवर यातलं बरंचसं फुकट एकत्र शोधता येतं. जुन्या डिक्शनरीवर भिस्त ठेवली तर ‘मिलेस’ला सैनिक लिहाल आणि बाराव्या शतकात तिथे नाइट असेल, ‘कोमेस’ला सोबती लिहाल आणि तो काउंट असेल, मग सगळा परिच्छेद गडबडतो.

मूळ मजकुरांच्या आवृत्त्यांमध्ये जर्मनीचं ‘मोनुमेंटा गेर्मानिए हिस्टोरिका’ हे सगळ्यात मोठं काम, १८१९ मध्ये सुरू झालं, ऑनलाइन मोफत आहे, जुन्या खंडांच्या प्रस्तावनासुद्धा लॅटिनमध्ये आहेत. मिन्यची ‘पात्रोलोगिया लातिना’ दोनशेहून जास्त खंडांची, सोयीची पण घाईत छापलेली, म्हणून नवीन आवृत्ती असेल तर तीच उद्धृत करा. शेजारी भाषांतर हवं असेल तर ऑक्सफर्ड मिडिव्हल टेक्स्ट्स आणि डंबार्टन ओक्सची मालिका. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जे पाठभेद असतात ते वाचायला शिका, कुठल्या प्रतीत कुठला शब्द आहे ते तिथे असतं. मशीनचं भाषांतर स्वतः प्रयत्न करायच्या आधी बघू नका, ते वाक्य गुळगुळीत करून देतं आणि अडचण कुठे होती तेच आपल्याला कळत नाही.

तारखांचं एक वेगळंच प्रकरण आहे. महिन्यात तीन खुणेचे दिवस, कॅलेंड्स म्हणजे एक तारीख, नोन्स पाच, आयड्स तेरा (मार्च, मे, जुलै, ऑक्टोबरला सात आणि पंधरा), आणि तारीख त्यांच्यापासून मागे मोजतात, तो खुणेचा दिवस धरून. एप्रिलच्या आयड्सचा पाचवा म्हणजे तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ, म्हणून ९ एप्रिल. वर्षही सगळीकडे १ जानेवारीला सुरू होत नाही. फ्लॉरेन्समध्ये ते २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे तिथल्या कागदावर फेब्रुवारी १२०० असेल तर आपल्या हिशेबाने ते १२०१. कुठलीही तारीख निबंधात घालायच्या आधी हे तपासा.

हस्तलिखितं

दुसऱ्या सहामाहीत पॅलिओग्राफी, म्हणजे जुन्या लिप्या वाचायचा विषय, नक्की घ्या. कॅरोलिंजियन म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या काळातली लिपी इतकी सुवाच्य आहे की आपली आजची छोटी रोमन अक्षरं तिच्यावरूनच आलीत, पण तेराव्या शतकानंतर शब्द आखडून, वर रेघा मारून लिहिलेले असतात आणि तिथे काप्पेल्लीचा संक्षेपांचा कोश (१८९९) उघडा ठेवावा लागतो. घरबसल्या सरावाला स्वित्झर्लंडचं ई-कोडिसेस, फ्रान्सचं गॅलिका आणि व्हॅटिकनचं डिजिटल ग्रंथालय आहे. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या पार्कर लायब्ररीची पानं ऑनलाइन आहेत, त्यात इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स मठाचा मॅथ्यू पॅरिस (मृत्यू १२५९) याच्या स्वतःच्या हातची क्रॉनिकल आहे, चित्रं काढलेली, १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला पाठवलेल्या हत्तीचं सुद्धा. रोज पाच ओळी उतरवायच्या, मग छापील आवृत्तीशी ताडून बघायच्या.

लेखनाचा नमुना म्हणून ठाणे

अर्जासोबत बहुतेक ठिकाणी लेखनाचा नमुना मागतात आणि तिथे मराठी विद्यार्थ्याकडे एक खास विषय आहे. १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू मारले गेले, त्यांचा सोबती जॉर्डानुस नावाचा, डॉमिनिकन पंथाचा साधू वाचला कारण तो तेव्हा बाहेर होता, त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे १३२९ मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. त्याने ‘मिराबिलिया’ म्हणजे नवलाच्या गोष्टी असं छोटं पुस्तक लिहिलं, त्यात फणस आहे (एक फळ पाच माणसांना पुरतं म्हणतो), आंबा आहे, पारशांच्या छप्पर नसलेल्या बुरुजांचा उल्लेख आहे. ते चौघे मारले गेल्यावर थोड्याच काळात पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन ठाण्याला आला, त्या चौघांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला आणि १३३० मध्ये पादुआला परत येऊन आपली हकीकत सांगून लिहवून घेतली. त्यात तो म्हणतो ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. युरोपातल्या वाचकाने ही थाप समजली असेल, घूस बघितलेल्या माणसाला वाटणार नाही. ओदोरिकचा मजकूर शंभराहून जास्त हस्तलिखितांत आहे. दोघांचं लॅटिन साधं आहे, भाषांतरं आहेत, ताडून बघायला दोन लेखक आहेत, शिवाय हुतात्म्यांची कथा आणि प्रवासवर्णन असे दोन साहित्यप्रकार एकमेकांत मिसळलेत, दहा पानांच्या निबंधाला याहून चांगलं काय हवं. फक्त ‘आमचं ठाणं लॅटिनमध्ये’ एवढ्यावर थांबू नका, लेखक नवल कसं रचतो आणि खरेपणा पटवायला काय युक्त्या वापरतो त्यावर लिहा.

अर्ज आणि पैसे

मध्ययुगीन लॅटिन अशा नावाचा स्वतंत्र विभाग जर्मन भाषिक देशांत सापडतो, तिथे त्याला ‘मिटेललाटाइन’ म्हणतात, हायडेलबर्ग, म्युनिक, झुरिक वगैरे. बाकीकडे तो मिडिव्हल स्टडीज, इतिहास किंवा क्लासिक्समध्ये विखुरलेला असतो, म्हणून विभागाचं नाव बघू नका, शिकवणारे कोण आहेत आणि कुठले मजकूर वाचून घेतात ते बघा. केंब्रिजला अँग्लो-सॅक्सन, नॉर्स आणि केल्टिक असा विभाग आहे, तिथे ब्रिटन-आयर्लंडमधलं लॅटिन शिकवतात. टोरोंटोचं मिडिव्हल स्टडीज सेंटर १९६४ चं, तिथली लॅटिन परीक्षा दोन पातळ्यांची, एमएला पहिली आणि पीएचडीला दुसरी, कडक म्हणून प्रसिद्ध, तिथे जायचं नसलं तरी जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर सरावाला वापरा. व्हिएन्नाच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीचाही विचार करा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि शिकवणं जर्मनमध्ये. ब्रिटन महाग आहे, तिथे कॉमनवेल्थ, ऑक्सफर्डसाठी ऱ्होड्स, आपल्याकडून इनलॅक्स, आणि मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती बघा. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या नोकरीचा अनुभव लागतो. शिष्यवृत्तीच्या तारखा कोर्सच्या तारखांच्या बऱ्याच आधी असतात, त्यामुळे सप्टेंबरला जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच कामाला लागा.

अर्जाच्या पत्रात मला मध्ययुग आवडतं असं लिहू नका. कुठला मजकूर, कुठली आवृत्ती, लॅटिन किती झालंय, कुठल्या पुस्तकाच्या कितव्या धड्यापर्यंत, हे स्पष्ट लिहा. आणि फ्रेंच किंवा जर्मन यातली एक भाषा वाचण्यापुरती सुरू केली असेल तर तेही लिहा, कारण आइनहार्टवरचं चांगलं लेखन बरंचसं जर्मनमध्ये आहे आणि दुसऱ्या आठवड्यातच ते वाचायला देतील.